गोठणे, थिजणे आणि एक लाल रेघ

मराठीत तूप थिजते, रक्त साकळते, दही लागते आणि पाणी गोठते. घट्ट होण्यासाठी इतकी क्रियापदे हाताशी असल्याने रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याच्या चार पानांचे मराठी करून देणे आम्हांस सोपे वाटले होते. विषय होता पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे हायड्रोजेल. आम्ही लिहिले, 'द्रावण गोठवले की घट्ट होते.' सहकाऱ्याने ते वाक्य खोडले आणि आम्हांला प्रयोगशाळेतल्या फ्रीजरपाशी नेले.

गरम पाण्यात विरघळवलेले हे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, तेथे उणे २० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवले होते. ते दगडासारखे झाले होते खरे, पण तो कठीणपणा बर्फाचा. त्याचे कौतुक नाही. पाण्याचे स्फटिक होऊ लागले की बहुवारिकाच्या लांबलांब साखळ्या मधल्या अरुंद जागांत लोटल्या जातात. त्या दाटीत हायड्रोजन बंध जुळतात, साखळ्यांचे काही भाग नीट रचले जाऊन सूक्ष्म स्फटिक बनतात, आणि साखळ्यांना बांधणाऱ्या गाठी त्याच. ('गाठी' हा शब्द आमचा, सहकाऱ्याने तो कुरकुरत मान्य केला.) बाहेर काढल्यावर बर्फ वितळला, परंतु द्रावण परत आले नाही. हातात उरला दुधी, लवचीक, काहीसा दुबळा गोळा. तो पुन्हा गोठवायचा, पुन्हा उबेला आणायचा. पहिल्या काही फेऱ्यांत तो उत्तरोत्तर मजबूत होत जातो. उबेला आणताना मात्र घाई नको, कारण गाठींचे बरेचसे काम बर्फ सावकाश सुटतानाच होते. निकोलस पेपस यांनी १९७५ मध्ये अशा जेलविषयी लिहिले होते. बांधणीसाठी विषारी रसायन लागत नाही, म्हणून सांध्यातल्या कूर्चेला पर्याय शोधणाऱ्यांना त्याचे आकर्षण.

तूप उबेला पातळ होते. हे उबेला येऊनही उभे राहते. (फार तापवले तर तेही विरघळते, हा भाग निराळा.) आमचे एकही क्रियापद पुरेना.

तेव्हा एक उत्तरपत्रिका आठवली आणि आम्ही अस्वस्थ झालो. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते की, या कवितेतले दुःख वारंवार गोठते, म्हणूनच ते टिकाऊ होते. आम्ही 'गोठते'खाली लाल रेघ ओढली, समासात 'विसंगत प्रतिमा' असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. गोठणे म्हणजे संवेदना मरणे, हा समीक्षेतला संकेत आम्ही निसर्गनियम समजून बसलो होतो. विद्यार्थिनी केव्हाच शिकून गेली. ती रेघ आता पुसता येत नाही.

भाषांतरात आम्ही शेवटी लिहिले, 'गोठवून, सावकाश सैल करून, पुन्हा गोठवून.' सहकाऱ्याच्या मते वाक्य लांबले आहे.