राजाच्या वाढदिवसाचा जुना बाजार

डच ईस्ट इंडिया कंपनीविषयी आपण बरेच वाचत आलो आहोत. त्या कंपनीचे एक नाणे माझ्या हाती कसे आले आणि त्याने माझी कशी फजिती केली, ते आज सांगतो.

२६ एप्रिल २०२४ ची संध्याकाळ. युट्रेख्त शहरातील रस्त्यांवर लोकांनी खडूने चौकटी आखून आपापली जागा धरून ठेवली होती. सहा वाजले आणि सारे शहर बाजार झाले. घराघरांतील जुनी भांडी, सायकली, पुस्तके, एका पायाची बाहुली, सर्व काही सतरंजीवर. दुसऱ्या दिवशी, २७ एप्रिलला, राजा विल्लेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस. हा तेथील राष्ट्रीय सण, आणि या सणाला कोणीही परवाना न घेता जुन्या वस्तू रस्त्यावर मांडून विकू शकतो. युट्रेख्तमध्ये तो बाजार आदल्या संध्याकाळीच भरतो आणि रात्रभर चालतो.

हा उत्सवही मुळात युट्रेख्तचाच. १८८५ साली तेथील एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने राजकन्या विल्हेल्मिना हिचा वाढदिवस, ३१ ऑगस्ट, प्रथम साजरा झाला. ती राणी झाल्यावर तो राणीचा दिवस ठरला. १९४९ पासून राणी युलियाना यांच्या जन्मदिवशी, ३० एप्रिलला, तो येऊ लागला. त्यांची कन्या बेआट्रिक्स यांचा जन्म ३१ जानेवारीचा. त्या कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर कोण बसणार? म्हणून त्यांनी आईचीच तारीख कायम ठेवली. सध्याच्या राजाचा पहिला दिवस २०१४ साली साजरा झाला, तोही २६ एप्रिलला, कारण २७ ला रविवार होता.

मला जुन्या बाजाराचे वेड लहानपणापासूनचे. वडिवळ्याहून कामशेतला यायचे, लोकल धरायची, शिवाजीनगरला उतरायचे आणि पुण्याच्या जुन्या बाजारात आजोबांच्या मागे मागे फिरायचे. तो बुधवारी आणि रविवारी भरतो; आम्ही अर्थातच रविवारी जात असू. तेथे आजोबांनी एक झिजलेली शिवराई घेतली होती. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. अक्षरे डोळ्यांपेक्षा बोटालाच अधिक वाचता येत. त्या शिवराईमुळेच मी इतिहासाकडे वळलो, असे म्हणायला हरकत नाही.

तर युट्रेख्तमध्ये दहा-बारा वर्षांचा एक मुलगा बिस्किटांच्या डब्यात नाणी घेऊन बसला होता. त्यांत तांब्याचे एक नाणे होते आणि त्यावर एकमेकांत गुंफलेली तीन अक्षरे, व्ही, ओ आणि सी: कंपनीची मुद्रा. मला वेंगुर्ल्याची डच वखर आठवली. १६३७ साली डचांनी तेथे ठाणे मांडले. वखरीचे पडके अवशेष आजही उभे आहेत. मी त्या मुलाला मोठ्या ऐटीत सांगितले, “हे नाणे माझ्या कोकणात फिरून आले आहे.” त्याने दीड युरोऐवजी दोन युरो मागितले. मी ते आनंदाने दिले.

खोलीवर येऊन नाणे दिव्याखाली धरले. साल १७९०. वेंगुर्ल्याची वखर डचांनी सतराव्या शतकातच सोडली होती! कंपनीच्या मुद्रेचे हे ‘दुइत’ पाडण्यास तर १७२६ मध्ये सुरुवात झाली. माझे कोकण त्या अर्ध्या युरोपुरतेच खरे होते.

खरी हकिगत मात्र माझ्या कल्पनेहून रंजक निघाली. हॉलंडमध्ये आठ दुइतांचा एक स्टायव्हर होई, पूर्वेकडील डच वसाहतींत मात्र चारच दुइतांचा. साहजिकच लोक साधे दुइत जहाजांतून चोरून नेऊन दुप्पट नफा कमावीत. तो कंपनीलाच मिळावा म्हणून तिने आपली मुद्रा असलेले वेगळे नाणे पाडून घेतले. ते आशियातच चाले. माझ्या नाण्यावर युट्रेख्त प्रांताचे चिन्ह होते. म्हणजे ज्या शहरात ते पाडले गेले, तेथे त्याने पावही विकत मिळाला नसता. इंडोनेशियात आजही बोलीत पैशाला ‘दुइत’ म्हणतात.

कंपनीचा व्यापार केवळ मसाल्यांचा आणि कापडाचा नव्हता. ती माणसेही विकत घेई. १६७७ मध्ये, दक्षिण दिग्विजयाच्या काळात, शिवाजी महाराजांनी डचांना व्यापाराचा कौल दिला. पूर्वीच्या राजवटीत स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेण्याची जी मोकळीक होती ती आपल्या अमलात मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट बजावले होते. हा मजकूर आपल्याला ठाऊक आहे तो डचांच्याच दप्तरामुळे. (कौल महाराजांच्या ताब्यातील मुलखापुरता होता. ‘महाराजांनी जगातील गुलामगिरी बंद केली’ असे पुढे पाठवू नका. आहे तेवढे पुष्कळ मोठे आहे.)

ज्या राजाच्या वाढदिवसाला मी ते नाणे घेतले, त्यानेच दहा महिन्यांपूर्वी, १ जुलै २०२३ रोजी, ॲम्स्टरडॅममध्ये डचांच्या गुलामगिरीतील सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली होती. बाजारात त्याविषयी कोणी बोलत नव्हते. मीही नाही, मी कोकणाच्या बढाया मारत होतो.

मे महिन्यात वडिवळ्याला आलो, तेव्हा दुइत आजोबांच्या डबीत शिवराईशेजारी ठेवला. आजीने तो उचलून पाहिला.

“याचं काय येतं?”

“इथं काही नाही.”

“आन् तिकडं?”

“तिकडं तर पाडला तेव्हाही चालत नव्हता.”

“मग आणलास कशाला रं?” म्हणत तिने तो पदराने पुसला आणि डबीचे झाकण लावले.