आजोबांचे गुणपत्रक

परीक्षेतील गुण हा आम्हा विद्यार्थ्यांच्या नित्य चिंतेचा विषय होय. परंतु या वर्षी आमच्या घरी एक निराळीच परीक्षा झाली. परीक्षेस बसले होते माझे ७२ वर्षांचे आजोबा, आणि त्यांचे गुण कमी झाले ते मात्र आम्हा घरच्या मंडळींच्या मायेमुळे!

गेल्या श्रावणात एके दिवशी पहाटे आजोबांच्या हातातील तांब्या अकस्मात गळून पडला. तोंड एका बाजूस वाकडे झाले, वाणी अडखळली, आणि उजवा हात व पाय लुळे पडले. मेंदूस रक्त पुरविणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद झाली अथवा फुटली, म्हणजे मेंदूच्या तेवढ्या भागास इजा होते, व ती डाव्या अंगास झाल्यास शरीराची उजवी बाजू दुबळी होते, हे मला त्या वेळी प्रथम कळले. तीन आठवड्यांनी आजोबा रुग्णालयातून घरी आले.

त्यांना व्यायाम शिकविण्यास एक बाई येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक छापील कागद पुढे ठेविला. तो पाहून मला आमच्या प्रगतिपुस्तकाची आठवण झाली. अमेरिकेतील मेरीलँड येथे फ्लॉरेन्स माहोनी व डोरोथिया बार्थेल या दोघींनी १९६५ साली प्रसिद्ध केलेले हे माप ‘बार्थेल निर्देशांक’ या नावाने ओळखले जाते. विषय दहा: जेवणे, स्नान, केस विंचरणे व दाढी करणे, कपडे घालणे, शौचावर व लघवीवर ताबा, शौचकूपाचा वापर, खाटेवरून खुर्चीत जाणे, चालणे आणि जिना चढणे. स्नानास गुण ५, जेवणास १०, चालण्यास १५, एकूण १००.

“आजोबा स्वतः जेवतात का?” बाईंनी विचारले.

“छे हो बाई! मीच भरवते त्यांना. एक घास म्हणून उचलू देत नाही,” आजी अभिमानाने म्हणाली. बाईंनी शून्य लिहिले.

“सदरा कोण घालते?”

“मी घालतो,” मी म्हणालो. शाळेस उशीर होऊ नये म्हणून मी दोन मिनिटांत गुंड्या लावून मोकळा होत असे. पुन्हा शून्य!

बेरीज अवघी ३५ झाली. मला वाईट वाटले. मी म्हणालो, “बाई, मनात आणले तर आजोबा डाव्या हाताने जेवू शकतील.” बाई शांतपणे म्हणाल्या, “काय करू शकतील, हे हा कागद विचारीत नाही. काय करतात, एवढेच विचारतो.”

ते शब्द माझ्या मनास फार लागले. जे अवयव वापरले जात नाहीत ते अधिकच दुबळे होतात, आणि मेंदू पुन्हा शिकतो तो पुनःपुन्हा केलेल्या सरावानेच, असे बाईंनी समजावून सांगितले. आम्ही सेवा करीत होतो खरी, पण आजोबांचा सरावच हिरावून घेत होतो.

दुसऱ्या दिवसापासून आजी ताट वाढून हात आवरून बसू लागली. भात सांडे, वरण सदऱ्यावर ओघळे. तेव्हा ती भिंतीकडे तोंड फिरवी. मी अर्धा तास आधी उठू लागलो. एके सकाळी गुंडी काही केल्या लागेना, तेव्हा आजोबांनी संतापून सदरा फेकून दिला. तो उचलून त्यांच्या अंगात न घालता त्यांच्या मांडीवर ठेवणे, याइतके कठीण काम मी आजवर केले नव्हते.

तीन महिन्यांनी बेरीज ६० झाली, व सहा महिन्यांनी ८५.

तथापि या मापालाही मर्यादा आहेत. १०० गुण मिळाले तरी मनुष्य एकटा संसार चालवू शकेलच असे नव्हे, हे ते माप रचणाऱ्यांनीच सांगून ठेविले आहे. ग्लासगो येथील डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ साली मांडलेली व पुढे सुधारलेली दुसरी एक श्रेणी आहे. तीत शून्य म्हणजे कोणतेच लक्षण नाही, आणि ६ म्हणजे मृत्यू. आजोबा तिसऱ्या पायरीवर आहेत. थोडी मदत लागते, परंतु दुसऱ्याच्या आधारावाचून चालतात.

आजारापूर्वी आजोबा रोज सायंकाळी देवळाच्या पारावर बसून शेजारच्या वृद्धांस वर्तमानपत्र वाचून दाखवीत. गेल्या महिन्यात ते काठी टेकीत पुन्हा तेथे गेले. एक मथळा वाचावयास त्यांना बराच वेळ लागला. दोन शब्द तर तिसऱ्या खेपेस उमटले. मी ते शब्द सांगणार होतो. पण ओठ आवळून बसलो. मंडळीही थांबून राहिली. मथळा पुरा झाला तेव्हा आजोबांनी माझ्याकडे पाहिले आणि हसले. हास्य अजून किंचित वाकडेच होते.

बाईंच्या कागदावर या गोष्टीस रकाना नाही. म्हणून मी त्याच्या पाठीमागे तारीख घालून लिहिले: ‘आज आजोबांनी पारावर एक मथळा वाचला. स्वतः.’