गाडग्यातले बी आणि माळ्यावरची चोपडी

अकोल्याच्या बाजारपेठेतील एखाद्या जुन्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, दुकानाचा हिशेब मिटतो आणि सारे पडवीत बसतात. बी.एस्सी. झालेली नात त्या वेळी सांगते, की तिला पुढे संशोधन करायचे आहे. आजोबा शांतपणे विचारतात, “संशोधन म्हणजे नक्की काय गं करायचे? आणि किती वर्षे?” या प्रश्नात उपहास नसतो. भांडवल किती, ते किती काळ अडकणार आणि हाती काय परत येणार, हे विचारल्यावाचून व्यापाऱ्याच्या घरात कोणताही निर्णय होत नाही. आज हा प्रसंग अनेक घरांत घडतो, आणि बहुतेक ठिकाणी तो आजोबांच्या प्रश्नापाशीच थांबतो. मुलगी गप्प होते. फार्मसीचा किंवा सी.ए.चा अर्ज भरला जातो.

या प्रश्नाचे एक उत्तर अकोले तालुक्यातच, कोंभाळणे या गावी आहे. राहीबाई सोमा पोपेरे यांचा जन्म १९६४ सालचा, महादेव कोळी समाजातील. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. नातू वारंवार आजारी पडू लागला, तेव्हा विकतच्या बियाण्यावर आणि फवारणीवर वाढलेल्या अन्नाविषयी त्यांच्या मनात शंका आली आणि त्या जुने गावरान बी शोधू लागल्या, असे त्या स्वतः सांगतात. घेवडा आणि वाल यांचे नाना प्रकार, भात, नाचणी, वरई, पालेभाज्या, वेलभाज्या असे एकेक वाण त्यांनी आसपासच्या वाड्यावस्त्यांतून मिळवले, आपल्या रानात लावले, पुन्हा बी धरले आणि दुसऱ्या बायकांना वाटले. बाएफ या संस्थेच्या कार्यकर्त्यांची व शास्त्रज्ञांची त्यांना साथ मिळाली. ‘बीजमाता’ या नावाने त्या सर्वदूर परिचित झाल्या. २०१८ साली बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांना स्थान दिले. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते ती प्रदान झाली.

सन्मानाची ही हकिगत वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. फारसे बोलले जात नाही ते त्यांच्या कामाच्या पद्धतीविषयी, आणि संशोधन म्हणजे काय ते त्या पद्धतीतच दिसते.

अकोले तालुक्याचा नकाशा समोर ठेवावा. पश्चिमेला घाटघर आणि रतनवाडी, जिथे पाऊस इतका कोसळतो की घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तेथून प्रवरेच्या काठाने पूर्वेकडे यावे, तसा पाऊस झपाट्याने उतरत जातो. मध्ये डोंगरउताराची वरकस जमीन, खाचरे, मुरमाड माळ. एवढ्या थोड्या अंतरात इतकी भिन्न रानं असल्यामुळे एकच वाण सगळीकडे चालणे शक्य नव्हते. म्हणून हळवे, निमगरवे आणि गरवे भात वेगवेगळे. काळभात वेगळा, रायभोग वेगळा, आंबेमोहोर वेगळा. पाणी लवकर सुटणाऱ्या खाचरात हळवे लावायचे, पाणी धरून ठेवणाऱ्यात गरवे. ही निवड पिढ्यानपिढ्या झाली, आणि ती बहुतांशी स्त्रियांनी केली. बी कोणत्या लोंबीचे धरायचे आणि कोणत्या शेंगेचे नाही, हे ठरवण्याचे काम घराघरांत त्यांच्याकडे होते.

भात आणि घेवडा ही पिके मुख्यतः स्वपरागीभवन करणारी आहेत. फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे चांगल्या झाडाचे बी धरले तर पुढच्या वर्षी बहुतेक तसेच झाड येते. काकडी, भोपळा यांचे तसे नाही. मधमाशी एका वेलाचा पराग दुसऱ्यावर नेते आणि दोन वाण शेजारी लावले की बी मिसळते. संकरित वाणाचे धान्य पुन्हा पेरले, तर पुढच्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात आणि पीक एकसारखे येत नाही. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. मेंडेलने १८६० च्या दशकात वाटाण्यावर प्रयोग करून या विखुरण्याचा नियम मांडला. कोंभाळण्याच्या रानात मेंडेलचे नाव कोणी घेतले नसेल. परंतु कोणते बी धरता येते आणि कोणते नाही, हे तेथे अनुभवाने ठाऊक होते.

बी साठवण्याचेही तसेच. उन्हात खडखडीत वाळवलेले बी राखेत घोळायचे, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि मातीच्या गाडग्यात भरून शेणामातीने तोंड लिंपायचे. राख ओलावा शोषून घेते; भुंग्याच्या अंगावरचे मेणासारखे आवरण ती खरवडते आणि किडा कोरडा पडून मरतो. बियाणेशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: बियातील ओलावा एक टक्क्याने कमी झाला, की त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले, तरी तेवढाच लाभ. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत याच नियमाने उणे १८ अंशांत बी ठेवतात. गाडग्यात थंडी आणता येत नाही, म्हणून तेथे सारा भर कोरडेपणावर. दोहोंत एक फरक मात्र राहतो, आणि तो गाडग्याच्या बाजूचा आहे. गोठवलेले बी ज्या वर्षी ठेवले त्या वर्षाचेच राहते. रानात दरवर्षी पेरलेले बी प्रत्येक पावसाळा पाहते, लांबलेला मृग आणि अवेळीची गारपीट सोसते आणि त्यातून जे टिकते तेच पुढे जाते. दोन्ही पेढ्या हव्यात.

मग विद्यापीठातून आलेल्या शास्त्रज्ञाने काय केले, असे कोणी विचारील. त्याने वही आणली. प्रत्येक वाणाला क्रमांक, मिळाल्याचे गाव, पेरणीची तारीख, फुलोऱ्याचा दिवस, शेंगेची लांबी, दाण्याचा रंग. ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवून किती उगवले त्याची मोजणी. अशी नोंद झाली की एका बाईचे ज्ञान तिच्या हयातीपुरते राहत नाही. शिवाय २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याच्या वाणाचीही नोंदणी करता येते. वाण इतरांहून वेगळा आहे, एकसारखा आहे आणि पिढ्यान्पिढ्या टिकतो, हे तिथे दाखवावे लागते, आणि ते वहीवाचून दाखवता येत नाही. याच कायद्याने स्वतःचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्कही शेतकऱ्याकडे ठेवला आहे. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मान्यता दिली, त्यात स्थानिक पिकांच्या वाणांचाही समावेश आहे.

जुने ते सारे सोने, असा भाबडा सूर यात काढण्याचे कारण नाही. अनेक गावरान भातांचे उत्पन्न कमी येते, उंच वाढून ते वाऱ्याने लोळतात. ज्या कुटुंबाचे पोट दोन खाचरांवर आहे त्याला हे लपवून सांगणे अन्यायाचे ठरेल. संशोधकाने दोन्ही स्तंभ भरायचे असतात, जमेचा आणि नावेचा. व्यापाऱ्याच्या घरातील मुलीला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पदवीवाचून संशोधन झाले, तसे पदावाचूनही झाले आहे. अकोल्याची उत्तरेची डोंगररांग ओलांडली की नाशिक जिल्हा लागतो. तेथे देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. गणितावरची त्यांची टिपणे छोट्या पुस्तिकांतून निघत. १९४९ साली त्यांना ६१७४ या संख्येचा गुण सापडला. अकोले तालुक्यातील कळसूबाई शिखराची उंची १६४६ मीटर. तीच संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने ६६४१, चढत्या क्रमाने १४६६, वजाबाकी ५१७५. हीच कृती पुढे करत गेले की ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. नंतर कितीही वेळा करा, ६१७४ च राहते. चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथे पोहोचते, आणि कळसूबाईला पुरत्या सात लागतात. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात कापरेकरांविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

शिक्षणातील संशोधनाची गोष्टही अशीच साधी. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. मुले विज्ञानात मागे का पडतात, हे शोधताना असे आढळले, की अडचण पुष्कळदा विज्ञानाची नसून पाठ्यपुस्तकाच्या अवघड भाषेची असते. भाषा सोपी केली तशी समज वाढली. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातील ठाकर आणि कोळी मुले घरी जी बोली बोलतात आणि पुस्तकात जी मराठी वाचतात, त्यांतील अंतर मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक चिकाटीचा शिक्षक लागतो.

जैन वाचकाला या सगळ्यात आपले काही आहे का? आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दिलेल्या वस्तूंतून काही निवडण्याचे प्रकार किती, याचा सर्वसाधारण नियमही दिला. शून्याने भागले तरी संख्या तशीच राहते, हे त्यांचे विधान मात्र चूक होते, आणि ते चूक म्हणण्यात त्यांचा काही अनादर नाही. हा ग्रंथ हस्तलिखितांत पडून राहिला. १९१२ साली मद्रासला रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला, आणि १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध केला. ग्रंथभांडारातील पोथी ही गाडग्यातील बियासारखीच; शतकानुशतके राखणाऱ्यांचे ऋण मोठे, तरी कोणीतरी ती उघडून वाचल्यावाचून उगवण नाही.

पोथ्या भांडारांत आहेत. चोपड्या घरांत आहेत. रोजमेळ, खतावणी, आवकजावक, कधी मोडीत, कधी महाजनीत. लाल कापडाच्या या जुन्या वह्यांत कोणत्या गावचे कोणते भात कोणत्या महिन्यात आले, काय भावाने गेले, कोणत्या वर्षी आवक अर्ध्यावर आली, याच्या नोंदी सापडू शकतात. शंभर वर्षांपूर्वी या डोंगरात कोणते वाण होते आणि ते कधी बाजारातून नाहीसे झाले, हे शोधणाऱ्याला दुसरीकडे असा लेखी पुरावा सहजी मिळणार नाही. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत अशा चोपड्या रद्दीत जातात, किलोच्या भावाने. आणि मग आठवड्याच्या आतच, कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीचे पूजन होते. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढून, झाडून, ओल आणि कसर लागली आहे का ते पाहून पुन्हा बांधून ठेवायच्या, असा मूळचा परिपाठ.

नातीने आजोबांना पडवीत उत्तर द्यायचे असेल, तर ते बोलून देण्यापेक्षा तिने माळ्यावर शिडी लावावी. मोडी आणि महाजनी अक्षर वाचता येणारे आता थोडेच उरले आहेत. आजोबा त्यांपैकी एक असतील, तर पहिली खतावणी त्यांनाच वाचून दाखवावी लागेल, आणि नातीला शेजारी बसून एकेक नाव, एकेक भाव वहीत उतरवून घ्यावा लागेल.