लवणासुराच्या गावी

हल्ली आमच्या जिल्ह्यातली माणसेही जपानला जाऊ लागली आहेत. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, तर कुणी एखाद्या सहल कंपनीबरोबर जाऊन येतो. परत आली की ही मंडळी क्यूशू बेटाचे वर्णन रंगवून रंगवून सांगतात. जपानच्या नैर्ऋत्येकडचे हे बेट म्हणजे ज्वालामुखींचे माहेरघरच. तिथल्या आसो पर्वताचे जुने विवर उत्तर-दक्षिण सुमारे २५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १८ किलोमीटर एवढे अफाट आहे. त्याच्या पोटात गावे नांदतात, भातशेती पिकते आणि आगगाडीसुद्धा धावते. बेप्पू नावाच्या गावी जमिनीतून अखंड वाफा निघत असतात, आणि तिथल्या उकळत्या कुंडांना लोक चक्क ‘नरक’ म्हणतात. शिवाय नागासाकीसारखी इतिहासाच्या खुणा अंगावर वागवणारी शहरे आहेतच. हे सारे ऐकताना थोडासा हेवा वाटतो, हे खरे.

परंतु हेवा ओसरला म्हणजे मनात येते की, असाच काही सरंजाम लहान प्रमाणावर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही नाही काय? विवर आहे. अखंड वाहणारा झरा आहे. इतिहासाची गावे तर हाकेच्या अंतरावर आहेत. फरक एवढाच, की इथला झरा गरम नाही आणि इथले विवर ज्वालामुखीचे नाही. या दोन ‘नाहीं’मध्येच लोणारची सारी गंमत साठवली आहे.

आमच्या महाविद्यालयातील वीस-बावीस विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही गेल्या हिवाळ्यात निघालो. सहल मराठी विभागाची असल्यामुळे वाट वाकडी करून आधी सिंदखेडराजाला जाणे ओघाने आलेच. १२ जानेवारी १५९८ रोजी जिथे जिजाबाईंचा जन्म झाला, तो लखुजी जाधवरावांचा वाडा आजही आपले भव्य प्रवेशद्वार घेऊन उभा आहे. १२ जानेवारीला इथे माणसांचा सागर लोटतो. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र चिमण्यांखेरीज कुणी नव्हते. गावात लखुजींची समाधी आहे. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशहाच्या दरबारात, मुलांसह त्यांचा घात झाला. ज्या धन्याची चाकरी केली त्याच्याच दरबारात मरण आले! त्या प्रचंड समाधीसमोर उभे राहिले म्हणजे शिवाजीमहाराजांच्या मातेने चाकरीपेक्षा स्वराज्याचा ध्यास का घेतला असेल, हे पुस्तक न उघडताही समजते.

तिथून पुढचा रस्ता पठारावरून जातो. दोन्ही अंगांना तूर आणि वेचणीला आलेला कापूस, मधूनच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, दरी म्हणावी अशी दरी नाही. लोणार गाव आले तरी डोळ्यांना कसलीही चाहूल लागत नाही. आणि मग घरे संपतात, चार पावलांचा चढ लागतो, आणि पायाखालची जमीनच एकाएकी नाहीशी होते!

समोर एक अजस्र वाटोळे पात्र. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि खोली जवळजवळ दीडशे मीटर. उतारांवर दाट झाडी, आणि तळाशी हिरवट, निश्चल पाणी. बडबड करणारी आमची मुले क्षणभर गप्प झाली. शिक्षकाच्या आयुष्यात असे क्षण फार थोडे येतात, म्हणून त्याची मुद्दाम नोंद करतो.

काठावरून उतरताना प्रथम धार लागते. गोमुखातून पाण्याची जाड धार कुंडात कोसळत असते, आणि ती आटल्याचे गावातल्या कुणाला आठवत नाही. बायाबापड्या अंघोळ करीत होत्या. आमच्यातल्या एकाने भीत भीत हात पुढे केला आणि “अरे, हे तर गारच आहे!” म्हणून तो खट्टू झाला. विवर म्हटले की गरम पाणी असणारच, अशी त्याची समजूत होती. वास्तविक महाराष्ट्रात उन्हाळ्यांची वाण नाही. वज्रेश्वरीला, नांदेडकडच्या उनकेश्वराला, खानदेशातल्या उनपदेवाला गरम पाण्याची कुंडे आहेतच. पण तीही ज्वालामुखीची करणी नव्हे. भेगांतून खोल उतरलेले पाणी भूगर्भाच्या उष्णतेने तापून वर येते, इतकेच. धारेचे पाणी बिचारे एवढे खोल जातच नाही.

कुंडाच्या पायरीवर एक आजी लुगडे पिळीत होत्या. त्यांना विचारले, “आजी, हे पाणी येते तरी कुठून?”

त्यांनी आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “कुठून म्हंजे? काशीहून येते. तुमी मास्तर ना? मंग पोराईले सांगतलं नाई का?”

आम्ही मुकाट्याने पुढची पायवाट धरली.

तळाशी पोचल्यावर वास येतो. खारट, उग्र, किंचित कुजका. पाणी बोटांना बुळबुळीत लागते. ते केवळ खारे नाही, धुण्याच्या सोड्यासारखे अतिशय अल्कधर्मी आहे. कारण उघड आहे. पाऊस आणि झरे यांचे पाणी या पात्रात येते, पण बाहेर जायला वाट एकच, ती म्हणजे वाफ होऊन आभाळात. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हा हिशेब चालू आहे. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलाने मेहकर सरकारचे वर्णन करताना लोणारच्या या खाऱ्या पाण्याची आणि काच व साबण यांसाठी इथे मिळणाऱ्या मालाची नोंद केली आहे. पुढे कित्येक वर्षे उन्हाळ्यात पाणी हटले की लोक इथला खार गोळा करीत. डल्ला, निमकडल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या जातींची नावेसुद्धा ठरलेली होती. ही नावे आता कोशातच राहिली. भाषेच्या शिक्षकाला एवढ्यावरूनही हळहळ वाटते.

कमळजामातेच्या देवळासमोर आम्ही शिदोऱ्या सोडल्या आणि कथा सांगायला घेतली. लवणासुर नावाचा दैत्य इथे भूमिगत बिळात राहत असे. तो लोकांना छळी. विष्णूने सुंदर कुमाराचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडविले आणि दैत्याला ठार केले. ते झाकण दूर जाऊन पडले आणि तिथे धातेफळची टेकडी झाली. दैत्याचे रक्त ते हे पाणी आणि त्याचे मांस तो हा खार. लोणार गावात दैत्यसूदनाचे जे अप्रतिम ताराकृती देऊळ आहे, ते याच विष्णूचे.

कथा संपताच मागून एका मुलीने विचारले, “सर, मग शास्त्रज्ञ म्हणतात ते खरे मानायचे, तर लवणासुर खोटाच म्हणायचा का?”

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. म्हणून आधी शास्त्रज्ञांची कथा सांगितली.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीर्घकाळ बहुतेक जाणत्यांचे म्हणणे असे, की हे ज्वालामुखीचे तोंड असावे. तर्क अगदी स्वाभाविक होता. सारे दख्खनचे पठारच मुळी लाव्हारसाच्या थरांचे. भोवती काळा बसाल्ट आणि मध्ये वाटोळा खड्डा, मग दुसरे काय असणार? पण शंका येत होत्या. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहत आला. आसोसारखे आग ओकणारे डोंगर इथे आज नाहीत. विवर मात्र त्या मानाने कालपरवाचे दिसते. ताज्या लाव्ह्याचा, राखेचा मागमूस नाही. उलट काठावरचे खडकांचे थर कुणी उचकटून बाहेर वाकविल्यासारखे वर उचललेले, आणि फुटलेल्या दगडांचा चुरा भोवती दूरवर पसरलेला.

निकाल लागला तो १९७३ साली. विवराच्या तळाला छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत ‘मास्केलिनाइट’ नावाची काच सापडली. प्रचंड धक्क्याच्या दाबाखाली खडकातला स्फटिक न वितळताच काचरूप होतो, तेव्हा ती बनते. एवढा धक्का ज्वालामुखीच्या आवाक्याबाहेरचा. तो आकाशातून आलेल्या अशनीचाच. बसाल्टात पडलेली अशी विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत, आणि लोणारइतके सुस्थितीतले दुसरे नाही. चंद्रावरची काळी मैदाने बसाल्टचीच असल्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारेही लोणारकडे वळले. विवराचे वय मात्र अजून वादात आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे येते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीने सुमारे ५,७०,००० वर्षे.

“आता पाहा,” त्या मुलीला म्हटले, “लवणासुराची कथा रचणाऱ्याने तरी अशनी पडताना पाहिला होता काय? शक्यच नाही. त्याने आपल्यासारखाच हा खड्डा पाहिला. पाणी चाखले, ते खारट लागले. म्हणून दैत्याचे नाव लवण. खड्डा एवढा नेमका वाटोळा, की झाकण उडाल्यासारखा दिसला. म्हणून झाकणाची कथा. त्याने पाहिले, आणि जे पाहिले त्याला कारण शोधले. शास्त्रज्ञांनीही तेच केले. फरक असा, की शास्त्रज्ञांची ज्वालामुखीची कथा पुराव्यापुढे टिकली नाही तेव्हा त्यांनी ती सोडून दिली. कथेला लबाडी म्हणू नये आणि शास्त्राला कथा म्हणू नये. दोहोंच्या मुळाशी कुतूहल एकच.”

मुलीचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. पण तिने वहीत काहीतरी लिहून घेतले खरे.

जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले. देशभर गवगवा झाला, आणि कुणी शुभ म्हटले तर कुणी अशुभ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की पाणी कमी होऊन खारेपणा वाढला आणि मिठातच वाढणाऱ्या रंगीत सूक्ष्मजीवांनी हा चमत्कार केला. त्याच वर्षी हे सरोवर रामसर यादीत गेले. नांदूर-मधमेश्वरानंतर महाराष्ट्रातले हे दुसरेच. १९७९ पासून ते राष्ट्रीय भूवारसा स्थळही आहे.

एवढे मान लाभलेल्या या सरोवराला धोका आहे तो परक्यांचा नाही, आपलाच. गाव अगदी काठावर वसलेले. वरचे सांडपाणी उताराने खाली येते. वेडी बाभूळ काठ गिळत चालते. आता उपसली तरी पुन्हा माजते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला या सरोवरासाठी वर्षानुवर्षे लक्ष घालावे लागले आहे, यातच सारे आले. मोठी गोष्ट अशी, की सरोवराचे सर्वस्व त्याच्या खारटपणात आहे. त्यातले सूक्ष्मजीव, शेवाळे, त्यांवर जगणारे कीटक आणि कीटकांसाठी येणारे पक्षी हे सारे त्या तीव्र क्षाराशी बांधलेले. घाण आणि गोडे पाणी बेसुमार मिसळत गेले, तर हे इतर कुठल्याही तळ्यासारखे एक तळे होईल. मग ‘लोणार’ या नावातले लवण नावापुरते उरेल.

परतीच्या वाटेवर धारेपाशी पुन्हा थांबलो. मुलांनी बाटल्या भरून घेतल्या. एकाने प्लॅस्टिकची रिकामी पिशवी खाली टाकली, आणि आम्ही काही बोलण्यापूर्वीच एका मैत्रिणीने ती त्याला परत उचलायला लावली. संध्याकाळी आमची गाडी मेहकरच्या रस्त्याला लागली. पैनगंगेच्या काठचे हे मेहकर म्हणजे ‘शीळ’ लिहिणाऱ्या कवी ना. घ. देशपांडे यांचे गाव. तिथून समृद्धी महामार्ग जवळच लागतो. मुंबई-नागपूरच्या मोटारी त्यावरून भरधाव निघून जातात. त्यांतल्या एखाद्याने तासाभराची वाट वाकडी करावी आणि त्या काठावर येऊन उभे राहावे. क्यूशूला जमेल तेव्हा जाता येईल. तिथला डोंगर अजून धगधगतो आहे, तो स्वतःची राखण स्वतः करतो. आमचे विवर मुके आहे. विष्णूने दैत्य मारला, तरी त्याचे लवण आजवर टिकले. आता ते राखायचे काम लोणारकरांकडे आणि आपणा सर्वांकडे आले आहे.