पनवेल नव्हे, पनेल्ले

धान्याच्या व्यापारात माल नावावर घेत नाहीत. मूठभर नमुना तळहातावर घेऊन पारखतात. परक्या देशातील पदार्थालाही हाच नियम लागू पडतो, याचा प्रत्यय नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील एका जैन कुटुंबास एका चुकीच्या ऐकलेल्या नावामुळे आला.

घरातील मुलगा विष्णुपुरीतच अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी इटलीतील सिसिली बेटावर, पालेर्मो शहरी गेला होता. मांसाहार, अंडी आणि कंदमूळ यांचा त्याग पाळण्याचा नियम घेऊनच त्याने घर सोडले होते. चातुर्मासातील एका सायंकाळी दूरध्वनीवर त्याने नव्या पदार्थाचे कौतुक केले. आवाज तुटक येत होता. आजींना ऐकू आले ते ‘पनवेल’. आईला वाटले, ‘पन्ना’ असे काहीतरी असावे.

धाकट्या बहिणीने मिळत्याजुळत्या नावांचा शोध घेतला आणि घर चिंतेत पडले. ‘पन्ना कोत्ता’ ही सायीची गोड खीर; पण ती घट्ट करण्यासाठी प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून काढलेले जिलेटिन वापरतात. ‘पानेत्तोने’ हा नाताळातील गोड पाव. त्यात अंडी असतात. ‘पानिनी’ म्हणजे सारण भरलेला पाव. त्यात बहुधा मांसाचे काप. आजी कोणाला काही बोलल्या नाहीत. मात्र त्या रात्री माळ हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या.

सकाळी आजोबा म्हणाले, “नाव राहू द्या. त्याला तीनच गोष्टी विचारा : मूळ जिन्नस कोणता, त्यात काय मिसळतात आणि कशात तळतात?”

उत्तर आले. पदार्थ होता ‘पनेल्ले’. हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून, मीठ घालून, सतत ढवळत घट्ट शिजवायचे. कोथिंबिरीसारखा पार्स्ली नावाचा पाला चिरून घालायचा. पातळ थापून, गार झाल्यावर काप करून तळायचे. आईला हसू आवरेना. मोहरी-जिऱ्याची फोडणी नसलेली ही तर आपली पाटवडीच! इटालियन भाषेत हरभऱ्याला ‘चेची’ म्हणतात आणि हरभऱ्याच्या ‘सिसर एरिएटिनम’ या शास्त्रीय नावातील पहिला शब्दही त्याच लॅटिन कुळातला आहे. ज्या धान्याची पोती आजोबांनी आयुष्यभर मोजली, तेच समुद्रापलीकडे नातवाच्या ताटात पडले होते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सावध करणारे निघाले. तेथील गाड्यांवर पनेल्लेबरोबर बटाट्याचे ‘कात्सिल्ली’ही तळतात आणि कढई बहुधा एकच असते. मुलाने मग घरीच करण्याचे ठरवले आणि चातुर्मासापुरता हिरवा पालाही वगळला.

परदेशी जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत आपण खाकरे आणि लोणची भरतो. त्यांसोबत हे तीन प्रश्नही द्यावेत. नाव ऐकून घाबरणे सोपे, नाव ऐकून भुलणे त्याहून सोपे. विवेक मात्र जिन्नस विचारतो. असे विचारणाऱ्याला अभक्ष्य टाळता येते, आणि कधी कधी परक्या गावात आपलेच धान्यही सापडते.