हॉल केवढा बांधावा?

नाट्यशिबिरं घेत महाराष्ट्रभर हिंडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला एक प्रश्न हमखास येतो. ‘गावात कलाकेंद्र काढायचंय, हॉल केवढा बांधावा?’ मी विचारतो, बघायला कोण येणार? उत्तरादाखल उद्घाटनाला बोलवायच्या नटांची यादी ऐकायला मिळते.

मग मी हेग्गोडूचा विषय काढतो. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, सागरपासून सात-आठ किलोमीटरवर, पोफळीच्या बागांत विखुरलेलं हे खेडं. १९४९ साली इथल्या मंडळींनी श्री नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ स्थापन केला. आज सगळे त्याला ‘नीनासम’ म्हणतात. अशी हौशी मंडळं आपल्या कोकणात वाडीवाडीला आहेत. उत्सवात एक प्रयोग व्हायचा, की पुढच्या वर्षापर्यंत रंगपेटीला कुलूप. हेग्गोडूचं तसं झालं नाही, ते मुख्यतः के. व्ही. सुब्बण्णा यांच्यामुळे. म्हैसूरला शिकून हा माणूस सुपारीच्या बागेत परतला. लिहिलं, भाषांतरं केली, प्रकाशन चालवलं आणि गावाला नाटक-सिनेमा बघायची सवय लावली. १९९१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हाही पत्ता हेग्गोडूचाच होता.

सवय कशी लावली? १९७३ मध्ये त्यांनी फिल्म सोसायटी काढली. पुढे रसग्रहणाची शिबिरं सुरू झाली आणि तिथे शिकवायला गेले ते आपल्या पुण्याहून: फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर आणि फिल्म अर्काइव्हचे पी. के. नायर. कुरोसावाचा ‘राशोमोन’, डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हे सिनेमे त्या पोफळीच्या गावात दाखवले गेले. खेड्यातल्या माणसाला हे झेपणार नाही, असं ठरवून टाकणारे लोक बहुधा शहरातच राहतात.

प्रेक्षक तयार होऊ लागल्यावर १९८० मध्ये नाट्यशिक्षणाचा वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आला आणि १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ ही फिरती नाटकमंडळी. माझ्या मते, धंद्याच्या अंगाने पाहिलं तर या सगळ्यातली सर्वांत हुशार चाल हीच. नाट्यशाळेतून बाहेर पडलेला मुलगा एरवी काय करतो? मालिकेच्या दारात उभा राहतो. इथे त्याला निदान एक हंगाम पगारी काम मिळतं. पावसाळ्यात दोन-तीन नाटकं तालमीत बसवायची आणि पाऊस ओसरला की सेट, दिवे, कपडेपट गाडीत घालून कर्नाटकभर निघायचं. गावोगावचे आयोजक प्रयोग ठरावीक रकमेला घेतात. एका तालुक्याच्या गावी मी या मंडळींना गाडी रिकामी करताना पाहिलं. रात्री राजा होणारा नट दुपारी शिडीवर चढून स्पॉट बांधत होता; राणी इस्त्री करत होती. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, कारण कुठली पेटी कुठल्या विंगेत जाते हे प्रत्येकाला पाठ होतं. आमच्याकडे ‘बॅकस्टेजची मुलं’ म्हणून वेगळी जमात असते. तिथे मला ती दिसली नाही.

पण खरी गंमत हेग्गोडूच्या संस्कृती शिबिरात आहे. रात्री प्रयोग पाहायचा आणि सकाळी त्याच्यावर बोलायचं. दिग्दर्शक समोर बसलेला. प्राध्यापक, विद्यार्थी, गृहिणी, बागायतदार सगळे बोलतात. एका सकाळी पंचा खांद्यावर टाकलेल्या गृहस्थांनी सरळ विचारलं, की दुसऱ्या अंकात दिवे इतके मंद का, चेहरा दिसला नाही तर दुःख कसं दिसणार? दिग्दर्शकाने दहा मिनिटं उत्तर दिलं. गृहस्थांचं समाधान काही झालं नाही.

संस्था शेवटी बागमालकांच्याच हातात नाही का, हा प्रश्न माझ्या मनात होता. तो पुरता मिटलेला नाही, पण सिद्दींचं काम पाहावं लागतं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. त्यांतले अनेक गोव्याच्या पोर्तुगीज मुलखातून निसटून उत्तर कन्नडच्या जंगलात शिरले. घरात कोकणीच्या वळणाचं बोलणाऱ्या या लोकांना घेऊन नीनासमने मंचिकेरीला नाटक बसवलं, तेही चिनुआ अचेबेच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या नायजेरियन कादंबरीवरून, कन्नडमध्ये. पुढे सिद्दी मुलं-मुली हेग्गोडूला शिकून नट झाली, सिनेमातही गेली. अनेक संस्कृतींच्या नावाने आपण जे महोत्सव भरवतो, त्यांत दर राज्याला पंधरा मिनिटं मिळतात. त्यापेक्षा हे मला कितीतरी मोलाचं वाटतं.

मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली, ते पाहून पटवर्धन सरकारांनी विष्णुदास भावे यांना नाटक रचायला सांगितलं आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ झालं. ते कर्की होन्नावरजवळ, समुद्राकाठी. तिथून घाट चढून वर आलं की सागर तालुका लागतो.

तेव्हा नाट्यगृह समितीवर असाल, तर वातानुकूलनाचा ठराव खुशाल मांडा. सोबत एवढंही मांडा: महिन्यातून एकदा, प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचे दोन तास हॉल चर्चेसाठी फुकट द्यायचा. नटांनाही थांबायला सांगा.