दोन डावे

“मॅडम, घरात मुलगा असेल तर त्याच्याकडे फोन द्या ना, त्याला लगेच कळेल.”

गेलेले पैसे मी एव्हाना विसरलेही असते. हे वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. बोलणारा उर्मट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तो इतक्या आपुलकीने बोलला की मी क्षणभर खरंच घरात कोण कोण आहे ते आठवायला लागले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. भाचा शिकायला जर्मनीला गेला आणि त्याची रिमोटवरची गाडी आमच्या माळ्यावर आली. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४, लँड रोव्हर डिफेंडरची बॉडी, खऱ्या गाडीच्या साधारण एकदशांश. “मावशी, बॅटरी तेवढी अधूनमधून बघत जा,” म्हणाला. लायपो बॅटरी पूर्ण भरून किंवा पार रिकामी करून ठेवली की खराब होते, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी लागते. ती बघता बघता मी गाडी सोसायटीच्या अंगणात फिरवली, मग वेताळ टेकडीवर नेली, आणि त्यानंतर ती भाच्याची राहिली नाही. तो मधूनच फोनवर गाडीची चौकशी करतो. मी त्याला तिकडच्या थंडीबद्दल विचारते.

ही पळणारी गाडी नव्हे. दगडावर चढणारी, माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाणारी. पुढचं चाक कुठे टेकवायचं, मागचं कुठून काढून घ्यायचं, हे एकेका दगडापाशी थांबून ठरवायचं. टेकडीवर सकाळी येणारे काका लोक थांबतात, बघतात आणि नातवाचं वय विचारतात. नातू नाही म्हटलं की पुढे काय बोलावं ते त्यांना सुचत नाही.

तर खाणीच्या बाजूचा एक कातळ होता, त्यावर गाडी हमखास मागे उलटायची. उभ्या चढावर वजन मागच्या चाकांवर जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी उताणी. उपाय जगभर एकच सांगतात: वजन वाढवा, पण खाली आणि पुढे. छतावर कॅरिअर, त्यावर खोटे जेरीकॅन, असली सजावट करणाऱ्यांच्या गाड्या दिसतात छान आणि पडतातही तितक्याच. वजन हवं चाकांपाशी. म्हणून पुढच्या चाकाजवळचे प्लॅस्टिकचे भाग काढून तिथे पितळेचे बसवतात. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड असतं. अ‍ॅल्युमिनियम पावणेतीन पटसुद्धा नाही, तरी चकाकतं म्हणून लोक तेच घेतात.

आता हा भाग कसा असतो ते सांगितल्याशिवाय माझा राग कळणार नाही. या गाडीला पोर्टल अ‍ॅक्सल आहेत. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकमुळे प्रसिद्ध झालेली रचना. चाकाचा आस मुख्य अ‍ॅक्सलच्या रेषेत नसतो, खाली असतो, आणि दोघांमध्ये गिअरची जोडी असते. त्यामुळे अ‍ॅक्सलचं पोट जमिनीपासून उंच राहतं, दगडाला घासत नाही. पुढच्या चाकांना ही गिअरची पेटी वळावीही लागते, म्हणून तिच्याच अंगाला एक आखूड हात असतो आणि त्याला स्टिअरिंगचा दांडा जोडतात. याला सगळे नकल म्हणतात. डावा नकल वेगळा, उजवा वेगळा. एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब.

आरशातलं प्रतिबिंब म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. निवृत्त होईपर्यंत मी भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. आधी बोर्डावर, टी-स्क्वेअर घेऊन, नंतर संगणकावर. असल्या जोडीच्या भागांचं एकच ड्रॉइंग काढायची पद्धत असते. डावा काढायचा आणि खाली टीप लिहायची: ‘एलएच दाखवला आहे, आरएच विरुद्ध.’ ती टीप राहिली तर शॉपवर काय गोंधळ होतो, ते मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

एका ऑनलाइन दुकानातून पितळी नकलांची जोडी मागवली. बत्तीसशे रुपये, कुरिअर वेगळं. पाकीट आलं, सीलबंद, छापील. उघडलं. वजन छान, मशिनिंग सुबक, कडा मारलेल्या. दोन्ही डावे.

मी फोटो पाठवले. उत्तर आलं: अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा. पाकीट उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता काढलेली चित्रफीत. ती नसेल तर तक्रार घेतली जात नाही. वेबसाइटवर तळाशी, राखाडी अक्षरांत, तसं लिहिलेलंही होतं. मी विचारलं, व्हिडिओने काय सिद्ध होणार आहे? मी घरी बसून उजव्याचा डावा केला, असं तुम्हाला वाटतं का? पितळ वाकवून? उत्तर: पॉलिसी आहे मॅडम.

मग फोन केला. त्याचं म्हणणं, पॅकिंग कंपनीचं असतं, आम्ही फोडून बघत नाही. म्हणजे आत काय आहे हे त्यालाही माहीत नाही, पण मी खोटी नाही याचा पुरावा मी द्यायचा. हे म्हटल्यावर तो थोडा विचारात पडला आणि म्हणाला, “मॅडम, दोन्ही सेमच असतात. फिरवून बसवा.”

फिरवून!

मी त्याला शांतपणे समजावलं. डावा नकल उजवीकडे नेऊन उभ्या आसाभोवती अर्धा फिरवला, तर चाकाची बाजू बाहेर येईल, पोर्टल खालीच राहील, पण मागचा हात पुढे जाईल. डावीकडे हात मागे, उजवीकडे पुढे, आणि मध्ये एकच दांडा. स्टिअरिंग फिरवलं की एक चाक स्वारगेटकडे बघेल आणि दुसरं शनिवारवाड्याकडे. बरं, तसं नको म्हणून उलथा केला, डोकं खाली करून, तर हात मागे राहील, पण पोर्टल वरच्या अंगाला जाईल. म्हणजे ज्या बाजूला गाडी उंच असायला हवी तीच बाजू बसकी, आणि गाडी कायमची उजवीकडे झुकलेली. तिसरी तऱ्हा नाही. डावी चप्पल कितीही फिरवली तरी उजव्या पायाची होत नाही, इतकं साधं आहे.

तेव्हा तो ते वाक्य बोलला.

मी फोन ठेवला आणि रीतसर ड्रॉइंग काढलं. तीन दृश्यं, मापं, दोन्ही पर्यायांचं स्केच, कुठे काय अडतं ते बाणांनी दाखवलेलं. पाठवलं. त्यावर अंगठा आला. नुसता अंगठा, पिवळा. त्यानंतर काही नाही. आठवण केली तर, “सिंगल पीस मिळत नाही मॅडम, नवीन स्टॉक आला की बघू.” कुठल्या तरी कारखान्यात दोन रिकाम्या खोक्यांसमोर बसलेल्या माणसाने एकात दोन डावे टाकले, म्हणजे बहुतेक दुसऱ्यात दोन उजवे गेले असणार. तो दुसरा माणूस कुठे असेल, रांचीत की ब्राझीलमध्ये, याचा मी गरजेपेक्षा फार जास्त विचार केलेला आहे. त्यालाही कुणी मुलाकडे फोन द्यायला सांगितलं असेल का?

आता दुकानदाराची बाजूही मला कळते, नाही असं नाही. हा धंदा आपल्याकडे अडचणीतच आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात ड्युटी २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७०. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. तो नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा आणि या गाडीच्या खोक्यावर ‘चौदा वर्षांवरील’ असं छापलेलं. पण कस्टमच्या दरपत्रकात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली लहान प्रमाणातल्या प्रतिकृतीही येतात, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या. त्यात अलीएक्सप्रेसवर नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी आली. आधी लोक दोन-दोन महिने वाट बघून तिथून एकेक स्क्रू मागवायचे, तो रस्ता संपला. उरले मधले आठ-दहा दुकानदार, आणि त्यांनी भीत भीत आणलेला माल. चुकीचा भाग परत घेणं त्यांना परवडत नसेल. पण मग तसं सांगावं. फिरवून बसवा कशाला सांगायचं?

आणि खेळण्याचं म्हणाल, तर आमच्याकडे क्रिकेटची बॅट खेळाचं सामान असते आणि हजारो रुपयांची फिशिंग रॉड छंद असते. बाईच्या हातातली ही गाडी मात्र मुलाचीच असावी लागते. असो.

नव्याने या नादाला लागणाऱ्यांना एवढं सांगेन. चाकांचा १.९ किंवा २.२ हा आकडा रिमचा असतो, टायरच्या बाहेरच्या घेराचा नव्हे. चाकं वळवणाऱ्या मोटरवर, म्हणजे सर्व्होवर, ३५ किलो लिहिलेलं असतं ते आसापासून एक सेंटिमीटरवर, आणि बहुधा सर्वांत जास्त व्होल्टेजला. तुमच्या गाडीत सहा व्होल्ट मिळत असतील तर तेवढी ताकद विसरा. सर्व्होच्या आसाचे दात मोजूनच त्यावर बसणारा हॉर्न घ्या. पिनियन आणि स्पर हे दोन्ही गिअर एकाच पिचचे हवेत, ३२ असेल तर दोन्ही ३२. स्क्रू आणि बेअरिंग ऑनलाइन अजिबात घेऊ नका. तीन मिलिमीटरचे एलन स्क्रू रविवार पेठेत बोहरी आळीत मूठभर मिळतात, आणि बेअरिंगवाल्याला आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी एवढं सांगितलं की तो मान वर न करता काढून देतो. बोहरी आळीत मला आजवर कुणी मुलाला बोलवायला सांगितलेलं नाही. तिथे फक्त सुट्टे मागतात.

मी काय केलं? पहिल्यांदा रागाच्या भरात डावा नकल डावीकडे बसवला आणि उजवीकडे प्लॅस्टिकचाच ठेवला. गाडी डावीकडे शंभरेक ग्रॅमनी जड झाली. आणि गंमत म्हणजे ज्या वाटेवर उजवीकडे उतार असतो तिथे ती आधीपेक्षा चांगली चालायला लागली, कारण वजन चढाच्या बाजूला. परत येताना त्याच वाटेवर लोळायची. एकेरी वाहतुकीची गाडी.

मग उरलेला डावा घेऊन शिवण्याला ओळखीच्या लेथवाल्याकडे गेले. याच्यावरून उजवा करून द्या म्हटलं. त्याने तो हातात फिरवला, बोट घालून आतले बेअरिंगचे खण बघितले आणि म्हणाला, “ताई, हा लेथचा जॉब नाही. व्हीएमसीला लागेल. एका नगासाठी प्रोग्रॅम कोण करणार? त्यापेक्षा नवीन गाडी घ्या.” खोटी आशा लावली नाही, हे आवडलं. वर त्यानेच विचारलं, वजनच पाहिजे ना? मग चाकात टाका की.

तेही लोक करतात, मला माहीत होतं, पण मी नकलातच अडकून बसले होते. रिम बीडलॉकचे असले, म्हणजे टायर चिकटवलेला नसून कड्याने आवळलेला असला, की उघडून आत कडं बसवता येतं. मी तिथेच कागदावर काढून दिलं. बाहेरचा व्यास ४४, आतला ३४, रुंदी १५. पितळेत ७८ ग्रॅम. तो म्हणाला भरीव रॉड घेऊ नका, निम्मं पितळ किसात जाईल, पोकळ बार आणा. आणला, किलोच्या भावाने. दोन कडी कापून, फेसिंग करून, आतून बोअर करून झाली, तोवर माझा चहाही पिऊन झाला नव्हता. कीस त्याने ठेवून घेतला आणि मजुरीतून पन्नास कमी केले. मापं माझ्या व्हर्निअरवर तंतोतंत.

कातळ चढून गेली. पहिल्या फटक्यात नाही, पण उलटली नाही. त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे जे शिवण्यात होत नाही ते आपल्याला नकोच.

हे मी सगळ्यांना सांगत सुटले. भाच्यालाही. तो म्हणाला, “मावशी, कड्याचं वजन चाकाबरोबर फिरतं, नकलाचं फिरत नाही, त्यामुळे नकलच बरा.” या वेगाला तसा काही फरक पडत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. पण वाक्य डोक्यात राहिलं. त्यात दुकानातून मेसेज आला: नवीन स्टॉक आला आहे, भाव ३,४५०. मी वर्षभर ज्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होते त्याला रात्रीच पैसे पाठवले.

या वेळी व्हिडिओ काढला. ह्यांच्या हातात फोन दिला, दिवा लावला, पाकिटाच्या सहा बाजू कॅमेऱ्याला दाखवल्या, सील दाखवलं, कात्री दाखवली. मागून ह्यांचा आवाज आहे, “आता कॉफी मिळेल का?” आत एक डावा आणि एक उजवा निघाला. मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर जरा निराशाच झाली. माझ्याकडे इतका पक्का पुरावा होता.

तर आता तीन डावे आहेत आणि एक उजवा. नकल आणि कडी दोन्ही लावल्यावर पुढचं टोक इतकं जड झालंय की दगडात चाक अडकलं असताना वळवलं तर सर्व्हो घुरघुरतो, रिसीव्हरला व्होल्टेज कमी पडतं आणि गाडी क्षणभर मेल्यासारखी थांबते. सर्व्होला वीज द्यायला वेगळा बीईसी लागणार. तो त्याच दुकानात साडेआठशेला आहे. दुसरीकडे सातशेला मिळतोय, पण ते कुरिअरचे दीडशे लावतात, आणि त्यांची पॉलिसी मी अजून वाचलेली नाही.